रानटर्की टिकवायची तर: हंगामाच्या तारखा, जाळ, कुळव आणि ऑगस्टमधली मोजणी

अमेरिकेच्या आग्नेय भागातल्या आणि मध्य भागातल्या राज्यांनी अलीकडे रानटर्कीच्या शिकारीचे नियम एकामागून एक आवळले. जॉर्जियाने 2022 मध्ये हंगाम आठवडाभर पुढे ढकलला आणि माणशी मर्यादा तीन नरांवरून दोनवर आणली. अलाबामाने त्याच वर्षी पाचाचे चार केले, ओक्लाहोमाने वसंतात माणशी एकच नर ठेवला. टेनेसीने 2023 पासून हंगाम एप्रिलच्या मध्यावर नेला आणि दोनच नरांना परवानगी दिली, त्यातही वर्षाचा कोवळा नर एकच. कॅन्ससने त्याच वर्षी शरदातली शिकार स्थगित केली.

हे सगळे निर्णय मोठ्या पक्ष्यांबद्दलचे आहेत. टर्कीचं गणित मात्र बहुतेक वेळा पहिल्या दोन आठवड्यांच्या पिल्लांवर अडतं, आणि ती पिल्लं जगतात की मरतात हे तुमच्या शेताच्या कडेचं गवत ठरवतं. म्हणून या लेखात हंगामाचा भाग थोडक्यात आहे आणि जमिनीचा सविस्तर. जॉर्जिया, टेनेसी, मिसूरी अशा राज्यांत ज्यांची स्वतःची जमीन आहे किंवा जे शिकारीसाठी जमीन भाड्याने घेतात, त्यांच्यासाठी ही माहिती आहे.

भारतात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात वाढलेल्या आपल्या मनाला शिकारीच्या पैशातून पक्षी वाढतात हे पटायला वेळ लागतो. अमेरिकेत मात्र 1937 च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका आणि काडतुसांवरचा कर (लांब नळीच्या बंदुकांवर 11 टक्के) राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे वळवला. 1930 च्या दशकात देशभरात जेमतेम दोन लाखांच्या आसपास टर्की उरल्या होत्या. आधी खुराड्यात वाढवलेले पक्षी रानात सोडून पाहिले. ते तगले नाहीत, कारण शत्रू ओळखायला शिकवणारी आईच त्यांना मिळाली नव्हती. 1951 मध्ये साउथ कॅरोलायनातल्या फ्रान्सिस मॅरियन राष्ट्रीय वनात तोफेने उडवायच्या जाळ्यातून जंगली पक्षी पकडले गेले आणि मग चित्र पालटलं. मॅसॅच्युसेट्समध्ये 1972-73 च्या सुमारास न्यूयॉर्कमधून आणलेले 37 पक्षी सोडले होते. आज तिथे टर्की शहराच्या रस्त्यांवर वाहतूक अडवतात. या शतकाच्या सुरुवातीला देशातली संख्या सत्तर लाखांच्या जवळ गेली आणि त्यानंतर ती घसरली.

पक्ष्याचं वर्ष आधी समजून घ्या

तारीख चुकली तर चांगलं कामही घरटी मोडतं, म्हणून हे वेळापत्रक भिंतीवर लावून ठेवा. पूर्वेकडच्या उपजातीचं हे वेळापत्रक दक्षिणेतल्या राज्यांना लागू आहे. उत्तरेकडे दोन-तीन आठवडे पुढे सरकवा.

मार्चमध्ये थंडीतले मोठे थवे फुटतात आणि नर ओरडायला लागतात. एप्रिलमध्ये मादी जमिनीवरच, झुडपाच्या किंवा पडलेल्या फांदीच्या आडोशाला खळगी करून अंडी घालते. साधारण रोज एक याप्रमाणे दोन आठवड्यांत 10 ते 12 अंडी होतात. शेवटच्या अंड्याच्या सुमारास ती खुडूक बसते आणि सुमारे 28 दिवस उबवते. मेअखेर ते जूनच्या सुरुवातीला बहुतेक पिल्लं बाहेर येतात. अंडी गेली तर मादी पुन्हा घालते, पण दुसरी खेप लहान असते. नर घरट्याकडे फिरकतही नाही.

पिल्लांना उडायला 10 ते 14 दिवस लागतात. तोवर रात्री ती आईच्या पंखांखाली, जमिनीवर असतात. रॅकून, साप, रानमांजर, घुबड, गार पाऊस हे सगळं याच दिवसांत गाठतं. निम्म्याहून जास्त पिल्लं मरणं हे चांगल्या वर्षातही नेहमीचं आहे.

हंगामाचा परिणाम: तीन गोष्टी तपासा

पहिली गोष्ट म्हणजे मादी. एक नर अनेक माद्यांशी जुगतो, त्यामुळे वसंतात फक्त नर मारले तर संख्येला मोठा धक्का बसत नाही. मोठे नर साधारण 30 टक्क्यांपर्यंत काढले तरी चालतं असा ढोबळ संकेत आहे. त्याहून जास्त काढत राहिलात तर पुढच्या वर्षी शिल्लक राहतात ते बहुतेक कोवळे नर. शरदातली शिकार वेगळी. अनेक राज्यांत तेव्हा नर-मादी दोन्ही मारायला परवानगी असते, आणि शरदात एकूण संख्येच्या 10 टक्क्यांच्या वर पक्षी गेले की घट सुरू होण्याचा धोका असतो. संख्या डळमळीत असेल तर नियमाने परवानगी असली तरी मादी मारू नका.

वसंतातही चुकून मादी मारली जाते. बऱ्याचदा कारण ‘दाढी (छातीवर लोंबणारा केसांसारखा झुपका) दिसली म्हणून गोळी घातली’ हे असतं. सुमारे दहातल्या एका मादीच्या छातीवर दाढी असते आणि काही राज्यांत अशी मादी मारणं कायद्यात बसतंही. दाढीवर जाऊ नका. छातीची पिसं पाहा: नराच्या पिसांची टोकं काळी, मादीची बदामी. नराचं डोकं लाल-पांढरं-निळं, मादीचं निळसर करडं आणि बारीक पिसांनी झाकलेलं. शेपटीचा पंखा उघडला आणि मधली पिसं बाकीच्यांपेक्षा लांब दिसली की तो वर्षाचा कोवळा नर.

दुसरी गोष्ट, सुरुवातीची तारीख. जुना नियम असा की बहुतेक माद्या खुडूक बसायला लागल्या की हंगाम उघडावा. तेव्हा माद्या घरट्यावर असतात म्हणून चुकून मरत नाहीत, आणि एकटे पडलेले नर हाकेला जास्त येतात. अलीकडे जॉर्जिया विद्यापीठाच्या मायकेल चेंबरलेन यांच्यासारख्या अभ्यासकांनी आणखी एक शंका मांडली: हंगाम फार लवकर उघडला तर दबदबा असलेले नर जुगण्याआधीच मरतात आणि माद्यांचं वेळापत्रक विस्कटतं. दक्षिण टेनेसीतल्या काही काउंट्यांत हंगाम दोन आठवडे पुढे ढकलून हे तपासलं गेलं. घरट्यांच्या किंवा पिल्लांच्या यशात फरक आढळला नाही. म्हणजे उशिराने नर वाचतात, पिल्लं आपोआप वाढत नाहीत. आमच्या मते उशिरा उघडणं तरीही योग्यच, फक्त त्याच्या भरवशावर जमिनीचं काम टाळू नये.

तिसरी गोष्ट, शिकारीची जागा आणि वेळ. रातथाऱ्याच्या (थवा रात्री बसतो त्या) झाडांखाली पहाटे रोज बसलात तर थवा ती झाडं सोडतो. झाडांपासून दीड-दोनशे मीटर लांब बसा आणि एकाच जागी लागोपाठ दोन दिवस जाऊ नका. काही राज्यांत दुपारनंतर शिकार बंद असते. तुमच्याकडे नसली तरी स्वतःहून पाळा, कारण उबवणारी मादी घरटं सोडून चरायला निघते ती बहुधा दुपारी.

ऑगस्टमधली मोजणी

जमिनीवर पैसे घालण्याआधी हे करा. 1 जुलै ते 15 ऑगस्ट या काळात दिसलेली प्रत्येक मोठी मादी आणि प्रत्येक पिल्लू वहीत टिपा. तारीख, जागा, माद्या किती, पिल्लं किती, पिल्लं केवढी (लाव्याएवढी, कबुतराएवढी, कोंबडीएवढी). एकटी मादीही टिपायची, बहुतेक लोक तीच विसरतात आणि आकडा फुगतो. त्याच जागी त्याच आकाराची पिल्लं पुन्हा दिसली तर तोच थवा समजा. ऑगस्टच्या मध्यानंतर थवे एकमेकांत मिसळतात, म्हणून तिथे थांबा. राज्याचं वन्यजीव खातं हीच माहिती ऑनलाइन घेतं; तिथेही भरा.

आता भागाकार. समजा 20 माद्या दिसल्या आणि 31 पिल्लं. दर मादी 1.55 पिल्लं. साधारण 2 च्या आसपास असेल तर संख्या टिकते. ते कसं, ढोबळ आकड्यांत पाहा. 100 माद्यांतल्या वर्षभरात 60 उरतात असं धरू, म्हणजे 40 नव्या लागतात. दर मादी 2 म्हणजे 200 पिल्लं, त्यांतल्या 100 माद्या. ऑगस्टपासून पुढच्या वसंतापर्यंत निम्म्या जगल्या तर 50. भरून निघालं, वर 10 शिल्लक. दर मादी 1.5 असेल तर 75 च्या निम्म्या, 37. तूट पडली. आता यात शरदातली मादीची शिकार मिळवा, म्हणजे 10 शिल्लकीचं काय होतं ते दिसेल.

खरा उपयोग दुसऱ्या आकड्याचा. त्या 20 माद्यांपैकी पिल्लं किती जणींबरोबर होती? फक्त 9 जणींबरोबर असतील तर प्रत्येकीबरोबर सरासरी साडेतीन पिल्लं. ज्यांची घरटी उबली त्यांचं बरं चाललंय, घरटीच मोडताहेत. अडचण आडोशाची, अंडी खाणाऱ्यांची किंवा गवत कापण्याच्या तारखेची. उलट 16 माद्यांबरोबर मिळून 32 पिल्लं असतील तर दर मादी आकडा 1.6, म्हणजे जवळपास तोच, पण दुखणं वेगळं: घरटी उबताहेत आणि पिल्लं मरताहेत. मग पिल्लांच्या कुरणाकडे वळा. एका वर्षाच्या आकड्यावर निर्णय घेऊ नका. गार, पावसाळी जून एकटाच सगळं बिघडवू शकतो. तीन वर्षं सलग मोजा.

जमीन: पिल्लांचं कुरण सगळ्यात आधी

पिल्लांना पहिले काही आठवडे जवळपास फक्त किडे लागतात: नाकतोडे, भुंगेरे, अळ्या. हे किडे रुंद पानांच्या तणांवर मिळतात, दाट गवतात नाही. चांगलं कुरण ओळखायची सोपी रीत अशी: गुडघ्यावर बसा आणि हनुवटी जमिनीजवळ न्या. वर 30 ते 60 सेंटिमीटर उंचीच्या पानांचं छप्पर हवं, त्याखाली मोकळी माती आणि पुढे दोन-तीन मीटर दिसायला हवं. उभं राहिलेल्या मादीचं डोकं त्या छपराच्या वर निघतं आणि ती पहारा करते. पिल्लं खाली झाकलेली राहतात.

टॉल फेस्क्यू किंवा बर्म्युडा गवताचं शेत नेमकं उलटं असतं. वर हिरवंगार, खाली गादीसारखं. मुठीएवढं पिल्लू त्यात अडकतं, सकाळच्या दवाने भिजतं आणि गारठून मरतं. असं फेस्क्यूचं शेत असेल तर:

1. सप्टेंबरमध्ये गवत कापून किंवा चारून घ्या आणि नवी वाढ 15 ते 25 सेंटिमीटर येऊ द्या.
2. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, कडाक्याचं हिव पडण्याआधी, ग्लायफोसेट एकरी सुमारे 1.9 लिटर (41 टक्क्यांचं) फवारा. लेबलवरचं प्रमाण वेगळं असेल तर लेबल पाळा.
3. हिवाळ्यात वाळलेला थर जाळा किंवा तव्यांच्या कुळवाने 10 ते 15 सेंटिमीटर खोल फिरवा.
4. बी पेरायची घाई करू नका. मातीतलं जुनं बी उगवू द्या. रॅगवीड, पार्ट्रिज पी, ब्लॅकबेरी हे आपोआप येतं आणि टर्कीला तेच हवं असतं.
5. पुढच्या उन्हाळ्यात फेस्क्यू जिथे डोकं काढेल तिथे ठिपक्याठिपक्याने फवारा.

एकदा असं झालेलं शेत दरवर्षी तिसऱ्या हिश्शाने कुळवायचं. पट्टे पाडा, एक पट्टा यंदा, दुसरा पुढच्या वर्षी. कुळवणी ऑक्टोबर ते फेब्रुवारीतच करा. तेव्हा रुंद पानांचं तण येतं. एप्रिल-मेमध्ये कुळवलं तर जॉन्सन गवत आणि राळ्याच्या जातीची गवतं माजतात, शिवाय घरटी जातात.

कापणीच्या यंत्राबद्दल वेगळं सांगायला हवं. ‘शेत स्वच्छ दिसावं’ म्हणून मे-जूनमध्ये गवत कापणं हे घरट्यांवरचं मोठं, आणि सगळ्यात टाळता येण्यासारखं संकट आहे. घट्ट बसलेली मादी शेवटच्या क्षणापर्यंत उठत नाही, त्यामुळे अंड्यांबरोबर तीही जाते. 1 एप्रिल ते 15 ऑगस्ट कापणी बंद ठेवा. चाऱ्यासाठी कापावंच लागलं तर मधून सुरुवात करून बाहेरच्या दिशेने जा, म्हणजे पिल्लं कडेच्या झाडीकडे सुटतात. कडेने आत गेलात तर ती मधल्या बेटात कोंडली जातात.

पाइनचं रान: विरळणी आणि जाळ

दाट लावलेल्या पाइनखाली उन्हाचा कवडसाही पडत नाही, तिथे टर्कीला काही नसतं. आधी विरळणी. दर एकरी उभ्या खोडांचं छेदक्षेत्र (छातीइतक्या उंचीवर खोडांच्या आडव्या कापांच्या क्षेत्रफळांची बेरीज) 50 ते 60 चौरस फुटांपर्यंत आणा. लाकूड घेणारा ठेकेदार याच मापात बोलतो. फक्त लाकडाच्या हिशोबाने तो 70-80 वर थांबायला सांगेल. करारात आकडा लिहून घ्या. ओक, बीच, हिकरी यांना हात लावू देऊ नका. त्यांच्या शेंड्याला खेटलेले स्वीटगम आणि लाल मेपल काढा. नदी-ओढ्याकाठची मोठी झाडं रातथाऱ्यासाठी सोडा.

विरळणीनंतर जाळ. सह्याद्रीत वणवा म्हटलं की आपल्या पोटात गोळा येतो, आणि तिथे ते योग्यच आहे. अमेरिकेच्या दक्षिणेतली लांबसुई पाइनची रानं मात्र हजारो वर्षं विजेने आणि मूळनिवासींनी लावलेल्या आगीवरच घडली. जाळलं नाही तर तीन-चार वर्षांत खाली स्वीटगमची भिंत उभी राहते. सह्याद्रीचं गणित या रानांना लावू नका, आणि या रानांचं सह्याद्रीला.

150 एकर असेल तर 50-50 चे तीन तुकडे करा आणि दरवर्षी एकच जाळा. मग कायम तीन वयांचं रान हाताशी राहतं: यंदा जळलेलं पिल्लांना, दोन वर्षांपूर्वी जळलेलं घरट्यांना. सगळं एकदम जाळलं तर त्या वसंतात घरट्याला आडोसाच उरत नाही. शेकडो एकरांचा एकच काळा पट्टाही वाया जातो, कारण माद्या न जळलेल्या कडेपासून फार आत जात नाहीत.

प्रत्यक्ष जाळताना:

- परवाना आणि माणूस. राज्याच्या वनखात्याचा परवाना घ्या. पहिल्या काही वेळा प्रमाणित माणसाशिवाय काडी लावू नका.
- जाळरेषा. दोन-तीन मीटर रुंद, उघड्या मातीपर्यंत कुळवलेली. रेषेजवळची वाळलेली उभी झाडं आधी पाडा. ठिणग्या तिथूनच उडतात.
- दिवस. पावसानंतर एक ते तीन दिवस, आर्द्रता 30 ते 50 टक्के, एकाच दिशेने टिकणारा वारा. आर्द्रता 30 च्या खाली गेली की थांबा. धूर रस्त्याकडे जाणार असेल तर दिवस सोडा.
- क्रम. वारा ज्या बाजूला जातो त्या कडेला आधी पेटवा, म्हणजे आग वाऱ्याविरुद्ध हळू सरकते आणि काळा पट्टा तयार होतो. तो 15-20 मीटर झाला की मगच आत पट्ट्यापट्ट्याने पेटवत या. मशालीत तीन भाग डिझेल, एक भाग पेट्रोल.
- शेवट. कडेपासून 30 मीटर आतपर्यंतचं धुमसणारं लाकूड विझवा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहा.

बहुतेक जण जानेवारी ते मार्चमध्ये जाळतात. स्वीटगम फारच माजला असेल तर मे-जूनचा जाळ जास्त मारतो. त्यात घरटी जातील ही भीती असते. जळणाऱ्या तुकड्यात घरटी थोडीच असतात आणि मादी पुन्हा अंडी घालू शकते. सगळंच रान मेमध्ये जाळू नका, एवढं पुरे.

चारा, मका आणि कोंबडीखत

पेरलेल्या चाऱ्याला लोक फार महत्त्व देतात. कुरण आणि जाळ जमलं असेल तर तो वरचा घास. चुफा म्हणजे आपल्या लव्हाळ्याचा भाऊबंद. त्याच्या जमिनीतल्या गाठी टर्की हिवाळ्यात उकरून खाते. मे-जूनमध्ये एकरी 18 किलो फेकून पाच सेंटिमीटर झाका. रानडुकरं असतील तर लावूच नका, एका रात्रीत शेत नांगरलं जाईल. पांढरा क्लोव्हर एकरी सव्वादोन ते साडेतीन किलो, मातीचा सामू 6 च्या वर आणल्यावर. त्यावर किडे भरपूर येतात.

मक्याचे ढीग टाकू नका. आमिषावर शिकार बहुतेक राज्यांत गुन्हा आहे, ढिगावर रॅकून जमतात ते तिथूनच घरटी शोधायला निघतात, आणि दमट मक्यात अफ्लाटॉक्सिन होतं. टर्कीला त्याचं वावडं किती, हे 1960 मध्ये इंग्लंडमध्ये दिसलं: बुरशी लागलेल्या शेंगपेंडीने एक लाखाहून जास्त पाळीव टर्की मेल्या आणि त्या तपासातूनच अफ्लाटॉक्सिनचा शोध लागला. शेतात कच्चं कोंबडीखतही टाकू नका. त्यातून ब्लॅकहेड नावाचा यकृताचा रोग जंगली थव्यात शिरू शकतो. पूर्ण कुजवलेलं असेल तरच वापरा.

रॅकून आणि ऑपोसम पकडणं कामाचं आहे, पण ते फेब्रुवारी-मार्चमध्ये, घरट्यांच्या तोंडावर, दरवर्षी आणि नेटाने केलं तरच. सप्टेंबरमध्ये पाच पकडले तर एप्रिलपर्यंत त्या जागा भरलेल्या असतात.

कुंपणापलीकडे

एक मादी वर्षभरात हजार एकरांहून जास्त फिरू शकते. तुमचे 80 एकर तिच्या फेऱ्यातला एक थांबा आहेत. म्हणून शेजारच्या तीन-चार मालकांशी हंगामाआधी बसून लेखी ठरवा: कोण कोणता तुकडा कोणत्या वर्षी जाळणार, कापणी कुठल्या तारखेपर्यंत बंद, आणि सगळ्यांनी मिळून किती नर. मार्चमध्ये रानात लावलेल्या कॅमेऱ्यांत वेगळे ओळखू येणारे आठ मोठे नर दिसले तर सगळ्यांत मिळून दोन. प्रत्येकाने आपापली मर्यादा भरायची म्हटली तर चार शिकारी आठही नर संपवतील, आणि तेही नियमात राहून. ऑगस्टच्या वह्या मात्र एकत्र करताना तारीख-वेळ जुळवून पाहा. सकाळी तुमच्याकडे मोजलेला थवा दुपारी शेजाऱ्याच्या वहीत हमखास सापडतो.